छबूबाईचा हंडा

छबूबाई गेल्यानंतर सहादूने घरातलं एकच काम आपल्याकडे घेतलं. रोज सकाळी चिंच आणि राख घेऊन अंगणात बसायचं आणि तांब्याचा हंडा घासायचा. सून मोनिका म्हणायची, "मामा, झिजंल तो." सहादू म्हणायचा, "झिजू दे. माझा हात झिजतोय, हंडा न्हाई."

हंडा छबूबाईच्या लग्नातला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं होतं: 'चि. सौ. कां. छबू हिस वडिलांकडून.' घरात तिचं नाव असलेलं तेवढं एकच भांडं उरलं होतं. बाकीची तिने वाटून टाकली होती. म्हणजे पोरींनी जिंकून नेली होती.

त्याचं असं झालं. गावच्या जत्रेत पैलवानांच्या कुस्त्यांना फेटे, नारळ, ढाली, सगळं असायचं. पोरींच्या खो-खोला मात्र नुसत्या टाळ्या. छबूबाई लग्नाआधी शाळेच्या टीमची कप्तान होती. तिला हे सहन होईना. एका जत्रेत तिने घरातली पितळी कळशी डोक्यावरून मैदानात नेली आणि सांगितलं, "जिंकल त्या टीमनं न्यायची." तेव्हापासून दर साली एक भांडं जायचं. सहादूला पत्ता लागायचा तो आंघोळीच्या वेळी.

"अगं, घंगाळ कुठंय?"

"टाकळीच्या पोरींनी नेलं."

"पळवलं?"

"जिंकलं."

सहादू बादलीत पाणी काढून घ्यायचा. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने एकही सामना शेवटपर्यंत पाहिला नाही. "पळायचंच हाय तर रानात पळा, दोन पाती खुरपून व्हतील," असं म्हणून तो गोठ्यात जायचा.

छबूबाई मात्र मैदानात खांबाजवळ दुधाचं क्रेट पालथं घालून बसायची. ती तिची जागा. खांबापाशी हात लागला की नाही हे नेहमीच भांडणाचं काम. पंच सूर्यभान गुरुजींना दिसलं नाही तर ते क्रेटकडे बघायचे. छबूबाईने मान हलवली की निकाल. कुणी कुरकुर करत नसे, कारण तिने एकदा पोरांच्या सामन्यात स्वतःच्या सुनीलला बाद ठरवलं होतं. सुनील घरी येऊन पालथा झोपला. तिने शिरा केला. तो रागारागाने पातेलंभर खाऊन उठला, पण आईशी दोन दिवस बोलला नाही.

आजारपणात ती अंथरुणावरून गुरुजींना म्हणाली होती, "औंदा हंडा लावायचा. फ्लेक्सवर छापून टाका, म्हंजी हे बदलायचे न्हाईत." 'हे' म्हणजे सहादू.

चैत्रात जत्रा आली आणि खरंच फ्लेक्स लागला. वर छबूबाईचा फोटो, तोंड उघडं टाकून ओरडतानाचा. घरात दुसरा फोटोच सापडला नाही. ज्यात त्यात ती ओरडतच होती. खाली लिहिलं होतं, 'कै. छबूबाईंच्या स्मरणार्थ, मुलींचा खो-खो, तांब्याचा हंडा.'

सहादूने फ्लेक्स वाचला, घरी आला आणि हंडा उचलून कडब्याच्या गंजीत खुपसला. मग सुनीलला म्हणाला, "बाजारातून स्टीलचा आन. चांगला मोठा. हंडा तो हंडा."

दुसऱ्या दिवशी मोनिका गाईला कडबा काढायला गेली. पेंढी ओढली आणि हंडा ठणठणत तिच्या पायाशी आला.

"मामा, गाईनं हंडा दिला!" ती अंगणातून ओरडली.

सहादू शरमला. पण हट्ट सोडीना. "तिचं नाव हाय त्याच्यावर. तो गेला की काय राह्यलं घरात?"

मोनिका त्याच्याजवळ बसली. "मामा, आपली स्नेहल कप्तान हाय. गेल्या साली आपलंच गाव जिंकलंय. हंडा लावा की खुशाल. संध्याकाळी स्नेहलच घेऊन यील घरी. बरोबरी झाली तरी मान गेल्या सालच्या टीमलाच."

हे सहादूला पटलं. छबूचा शब्दही राहतो आणि हंडाही राहतो.

जत्रेच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी मैदानात हजर. नातीच्या टीमला बघून म्हणाला, "काय खाल्लं सकाळी? चहा? चहावर पळत्यात व्हय कुठं?" आणि प्रत्येकीच्या हातात गुळाचा खडा ठेवला. स्नेहल म्हणाली, "नाना, तुमी आन मैदानात? तब्येत बरी हाय ना?"

खांबाजवळ ते क्रेट कुणीतरी आणून ठेवलं होतं. रिकामंच होतं. सहादू थोडा वेळ उभा राहिला, मग गुडघे दुखायला लागले म्हणून बसला.

पहिला सामना त्याला कळला नाही. दुसऱ्यात त्याला एवढं समजलं की बसलेल्या पोरी उठून पळणाऱ्यांना शिवतात. तिसऱ्यात तो उभं राहून ओरडत होता, "अगं डावीकडून! डावीकडून पळाली ती! डोळं कुठं गेलं?" मागचा कुणीतरी म्हणाला, "छबूबाई परत आल्या जनू." सहादूने ऐकून घेतलं आणि आणखी जोराने ओरडला.

फायनलला समोर शेवगावच्या बाजूची टीम आली. त्यांचा डाव आधी झाला. आता शिवायची पाळी स्नेहलच्या टीमची, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना एक गुण कमी होता. एक पोरगी बाद केली की बरोबरी, आणि हंडा घरी.

मैदानात समोरच्यांची एकच पोरगी उरली होती. पंकजा तिचं नाव. एवढीशी, बारकी, दोन वेण्यांची. पण सापडेल तर शपथ! या दोघींमधून, त्या दोघींमधून, पाण्यातल्या मासोळीसारखी. सहादू मनात म्हणत होता, "पड की गं बये एकदा," आणि ती निसटली की त्याच्या तोंडातून आपोआप "व्वा!" निघत होतं.

शिट्टीला चारपाच सेकंद असतील. पंकजा खांबाकडे आली. स्नेहलने खांबाला एक हात घालून सूर मारला. धुरळा उडाला. पंकजा पलीकडे गेली, स्नेहल जमिनीवर पालथी आणि शिट्टी वाजली.

"लागला! हात लागला!" सगळं गाव ओरडलं.

"न्हाई लागला!" पंकजा ओरडली. तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

सूर्यभान गुरुजी दुसऱ्या बाजूला होते. त्यांनी स्नेहलला विचारलं. ती डोळ्यांतली माती काढत म्हणाली, "खांबाला बोटं आपटली, गुरुजी. पुढचं मला कळलं न्हाई."

मग गुरुजींनी, दर सालच्या सवयीने, क्रेटकडे बघितलं. क्रेटवर सहादू होता.

सहादूने पाहिलं होतं. हातभर अंतरावरून, चष्मा लावून पाहिलं होतं. स्नेहलची बोटं आणि पंकजाची पाठ यांच्यात चार बोटांची फट होती. आता नुसती मान हलवायची. हंडा बक्षिसाच्या टेबलावर चकचकत होता, सकाळी त्यानेच घासलेला. शेजारी सुनील उभा होता. सहादूला पातेलंभर शिरा आठवला. या क्रेटवर बसून खोटं बोलायचं तर आधी दुसरीकडे जाऊन बसावं लागलं असतं.

"न्हाई लागला," तो म्हणाला. कुणी हललं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाला, "न्हाई लागला! चार बोटं ऱ्हायली. निसटली पोरगी. लई भारी निसटली!"

सुनील हळूच म्हणाला, "नाना, तुमी बी?"

"गप बस. तुला बी आईनं बरोबरच बाद केलता."

बक्षीस द्यायला सहादूलाच उभं केलं. हंडा पंकजाच्या कमरेएवढा आला. तिने दोन्ही हातांनी धरला आणि ठिपक्यांची अक्षरं बोटाने वाचली.

"आजोबा, ही छबू कोन?"

"ती काय तिकडं. फ्लेक्सवर."

पंकजाने मान वर करून बघितलं. "काय वरडतेत त्या?"

"पळ म्हनती," सहादू म्हणाला. "आन हे बघ, चिंच आन राखंनं घासायचा. पावडर लावायची न्हाई."

शेवगावच्या पोरी टेम्पोत हंडा बडवत गेल्या. रस्त्याच्या वळणापर्यंत आवाज येत होता. सहादू तोवर तिथेच उभा होता.

घरी स्नेहल पालथी झोपलेली. मोनिका तिच्या उशाशी. सहादू सरळ चुलीकडे गेला. रवा कुठल्या डब्यात असतो हेही त्याला माहीत नव्हतं, पण त्याने कुणाला विचारलं नाही. शिरा खाली लागला, करपला. तो पातेलं घेऊन नातीजवळ बसला.

स्नेहलने एक घास खाल्ला. "नाना, कडू लागतोय."

"हरल्यावर कडूच लागतो. खा."

तिला हसू फुटलं. दोघांनी पातेलं पुसून खाल्लं. दाराशेजारचा हंड्याचा कट्टा रिकामा होता. सहादूने त्यावर ठेवलं ते मैदानातून आणलेलं दुधाचं क्रेट. मग तो स्वयंपाकघरात उगाच इकडेतिकडे बघायला लागला. भिंतीला टेकून एक पितळी परात उभी होती.

मोनिकाने त्याची नजर ओळखली आणि परातीपुढे जाऊन उभी राहिली.

"मामा, न्हाई! भाकरी कशात थापू मी?"

"अगं, जत्रा अजून वर्षावर हाय," सहादू म्हणाला, "आन परातीवर नाव तर तुझंच हाय."