भागूच्या दोन ताटल्या

मंदिराच्या ओट्यापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं रोजावर पाणी सोडून आली होती. कारण भागूच्या अंगात देवी होती म्हणे!

भागू कडूबाईची पोर. आठ-नऊ वर्षांची, जन्मापासून एक शब्द न बोललेली. गावाने तिला आजवर दगडाइतकीही किंमत दिली नव्हती. मग श्रीरामपूरच्या बाजारात दंतमंजन विकता विकता एकाएकी सिद्ध झालेले तेजोनाथ महाराज आमच्या जामखेडच्या बाजूला उगवले आणि त्यांना साक्षात्कार झाला, की तोंड बंद आहे म्हणूनच देवी हिच्या हातातून बोलते.

पोरीपुढे दोन ताटल्या ठेवायच्या. एकीत कुंकू म्हणजे होय, दुसरीत राख म्हणजे नाही. भागूचा हात जाईल तो कौल. आणि गंमत अशी, की देवीचं मत दर वेळी महाराजांच्या मताशी तंतोतंत जुळायचं.

त्या दिवशी प्रश्न सोपानचा होता. खडीच्या कामावर त्याला आणि पुंजारामला एकच पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. पुंजाराम महाराजांचा अंगारा लावून बेफिकीर फिरत होता.

"माते, सोपानला दवाखान्यात न्यावं का?" महाराज गरजले. "जगदंबे, बोल! त्रिभुवन ऐकतंय!"

त्रिभुवन म्हणजे आम्हीच, तोंडं वासून उभे. भागूने झटकन राखेची ताटली ओढली.

"देवी न्हाई म्हनली!" लोकांनी हात जोडले.

"या वेळी ताटल्या मी मांडते," शाळेच्या पुष्पावतीबाई पुढे येऊन म्हणाल्या.

"विटाळ होईल!" महाराज ओरडले.

सोपानची बायको गीताबाई ताडकन उठली. "मांडू द्या. कपाळ माजं पुसलं जानार हाय, तुमचं न्हाई."

बाईंनी ताटल्या जागच्या जागी ठेवून फक्त त्यांतल्या राख आणि कुंकवाची अदलाबदल केली. भागूने कुंकू ओढलं.

"देवीनं विचार बदलला," महाराज घाम पुसत म्हणाले.

बाईंनी तिने ओढलेली डावी ताटली उजवीकडे केली. पोरीचा हात ताटलीमागोमाग उजवीकडे गेला. मग दोन्ही रिकाम्या करून ठेवल्या, तरी तीच ताटली.

"आता नीट बघा," बाई म्हणाल्या. "ही एक चिंचेनं घासून लखलखीत केलेली आहे, दुसरी काळवंडलेली. पोरीला चकाकणारं आवडतं. यांना हवं ते उत्तर हे चकाकत्या ताटलीत ठेवतात."

त्यांनी ती ताटली चिखलाने माखली. भागू थबकली. दोन्ही ताटल्या न्याहाळल्या, माखलेल्या ताटलीच्या कडेला चिखलातून जरा चमक दिसली तशी ती उचलली आणि फ्रॉकच्या टोकाने घासू लागली. भर सभेत, देवीबिवी विसरून.

कुणीतरी हसलं. महाराज म्हणाले, "देवी कोपली, मी निघतो!" आणि ओट्यावरचे नारळ मात्र न विसरता झोळीत भरून ते सटकले. गीताबाईने सोपानचं बखोट धरून त्याला जामखेडच्या एस.टी.त बसवलं.

कडूबाई रडत होती. "बाई, म्हंजी माजी पोर खुळीच व्हय?"

"खुळी? सगळ्या गावात तिचंच उत्तर खरं होतं. तिला काय आवडतं ते ती स्पष्ट सांगत होती. तुम्ही देवीला विचारत बसलात, पोरीला कुणी विचारलंच नाही."

बाईंनी भागूपुढे गूळ आणि शेंगदाणे ठेवले. तिने शेंगदाणे घेतले. जागा बदलल्या, तरी शेंगदाणेच. कडूबाई डोळे पुसत पुटपुटली, "अगं बया! मी रोज गूळच देत हुते की हिला."

सोपानने पोटात इंजेक्शनं घेतली, तो जगला. पुंजारामला बाईंनी दोनदा जाऊन विनवलं. "देवी आता रागावलीया, आनखी नगं," म्हणत तो घरीच बसला. पुढे पाण्याचा तांब्या पाहून तो किंचाळू लागला आणि गेला. त्याच्या मयतीला महाराज आले नाहीत, ते पुढच्या तालुक्यात दुसरी मुकी पोर शोधत होते.

तुमच्या गावी असा कौल लागला, तर हात जोडण्याआधी ताटल्या बदलून पाहा. खरी देवी असेल तर तिला त्याचा राग येणार नाही. आणि राग आलाच, तर तो कुणाला येतो तेवढं नीट बघून ठेवा.