ओट्याची उंची

प्लास्टरमधला उजवा हात गळ्यात अडकवून ती डाव्या हाताने नव्या भिंतीवर पाणी मारत होती, तेवढ्यात इंजिनीअर बाई हजेरीची वही घेऊन आल्या.

"पाणी मारायचे तास मी धरतेय," त्या म्हणाल्या, "पण तरी चाळीस कमी पडतात. महिनाअखेर यादी पक्की होणार."

संस्थेचा नियम साधा होता. ज्यांना घर हवं, त्यांनी आपल्या आणि शेजाऱ्यांच्या घरांवर मिळून चारशे तास राबायचं. आठवडाभर कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची आणि सुट्टीला इथे विटा वाहायच्या, असं तिचं वर्ष गेलं होतं. मग परांचीवरून पाय घसरला आणि मनगट मोडलं.

"तुमच्या वाटचे तास भरायला नात्यातलं कुणी नाही का? भाऊ, दीर, कुणीही चालतं."

"कुणी नाही," ती म्हणाली आणि नळी पुढच्या भिंतीकडे वळवली.

रविवारी सकाळी भाऊ आला. तो फरशीकाम करायचा. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. तिने त्याला फाटकाशीच चालीवरून ओळखलं आणि लेकीकडे पाहिलं. चौदा वर्षांची ती पोर एकाएकी विटा रचण्यात गढून गेली.

"तू कळवलंस?"

"मामाला फोन केला फक्त. ये असं नाही म्हटलं."

नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन भावाकडे राहिली होती. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी वहिनीने त्यांची बोचकी उचलून बाहेर पायरीवर ठेवली. वहिनी जे बोलली ते ती एखादवेळेस विसरलीही असती. पण दादा तिथेच दाराची कडी धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता.

आता जाऊन सांगावं, तुझे उपकार नकोत म्हणून. ती दोन पावलं पुढे गेलीसुद्धा. मग लेकीची वाकलेली पाठ दिसली, आणि ती गप्प राहिली. गप्प राहणं इतकं सोपं असतं, हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

तो दर रविवारी येऊ लागला. तिच्या घराकडे मात्र फिरकला नाही. बाई सांगतील ते काम घ्यायचा. कोपऱ्यावरच्या ड्रायव्हरची न्हाणी, आंधळ्या मास्तरांचा उंबरा. दुपारी डबा खायलाही सगळ्यांकडे पाठ करून बसायचा. भाची पाण्याचा तांब्या ठेवून यायची. बहीणभावांची नजरानजर झाली की दोघंही घाईघाईने कामाला लागत.

चौथ्या रविवारी बाईंनी वही मिटली. चारशे तास भरले होते. त्याने सही केली, पिशवी उचलली आणि निघून गेला.

पाचव्या रविवारी तो पुन्हा आला.

"तुमचे तास संपले की हो," बाई म्हणाल्या.

"वहीतले संपले," असं म्हणून तो पहिल्यांदाच तिच्या घरात शिरला.

स्वयंपाकघरात ओट्याच्या विटा रचून झाल्या होत्या, वरचा दगड तेवढा बसायचा होता. सगळ्या घरांतले ओटे एकाच मापाचे. त्याने तिला नावाने हाक मारली नाही, बोटाने जागा दाखवली.

"इथे उभी राहा. कोपर वाकव."

त्याने जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली, चार बोटं खाली पेन्सिलीने खूण केली.

"एक थर काढावा लागेल."

"बाई रागावतील."

"रागावू देत. तू काय जन्मभर टाचा उंचावून स्वयंपाक करणार? बुटकी ती बुटकीच."

तिला हसू यायला नको होतं, पण आलं.

तो छिन्नीने विटा सोडवू लागला. ती डाव्या हाताने एकेक वीट बाजूला ठेवत होती.

"त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं," तो विटांकडे बघत म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "पाहिजे होतं."

तासाभरात थर निघाला. ड्रायव्हरला बोलावून त्यांनी दगड उचलून ठेवला. पाणसळ लावून त्याने चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते तपासलं. ड्रायव्हर गेल्यावर तिने दगडावर तळवा टेकला. अगदी हाताखाली आला होता.

"एवढा खाली घेतलास खरा," ती म्हणाली. "पण वहिनी उंच आहे. इथे तिला वाकावं लागेल."

तो वळला. पापण्यांवर सिमेंटची धूळ बसली होती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वाकेल," तो म्हणाला, आणि एकदा तपासून झालेल्या दगडावर त्याने पुन्हा पाणसळ ठेवली.