जी ओळ माझ्यावर नव्हती

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. लोणावळ्याच्या बाजारात एक धर्मार्थ दवाखाना होता. त्याच्या दारावर मला एकोणीसशे बत्तीस साली ठोकले. मित्रांनो, पाट्या सहसा बढाया मारतात. मला मात्र माझी लाज सांगायची आहे.

सोपान रंगाऱ्याने मला निळा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, ‘येथे सर्वांस औषध मोफत मिळेल.’ पहिल्या दिवशी मला झेंडूचा हार घातला. खेड्यांतली माणसे जाणाऱ्या-येणाऱ्याकडून मला वाचून घेत आणि हात जोडत. मी फुगून गेले. दवाखाना माझ्यामुळेच चालतो, असे मला वाटू लागले.

औषध मोफत होते, ते खोटे नव्हते. पण पातळ औषध न्यायला बाटली रोग्यानेच आणायची. नसेल तर ती समोरच्या दुकानात दोन आण्यांना मिळे. शिवाय दारावरचा हौशीराम तंबाखूसाठी आणा घेतल्याशिवाय कुणाला आत सोडत नसे. यातले काहीच माझ्यावर लिहिलेले नव्हते. मला सगळे दिसत होते, तरी मी मिरवतच राहिले.

एका भाद्रपदात जवळच्या भाजे गावाहून सरुबाई चालत आली. तिचा धाकटा भाऊ भिमाजी आठ दिवस हिवतापाने पडला होता. आईबापांमागे तिनेच त्याला वाढवले होते. लोणावळ्यात औषध फुकट मिळते, तशी पाटीच आहे, असे गावात कुणीतरी तिला सांगितले होते. तिच्या हातात चिंचेने घासून लखलखीत केलेला पितळेचा तांब्या होता. घरातले सगळ्यात चांगले भांडे तिने औषधासाठी आणले होते. पदराच्या गाठीला दोन आणे होते, त्यातला एक हौशीरामाने घेतला.

कंपाउंडर त्र्यंबकराव तसे वाईट नव्हते. तांब्या पाहून ते म्हणाले, “बाई, पितळेत हे औषध कळकून बिघडेल. बाटली घेऊन या.”

सरुबाईच्या घरात काचेची वस्तूच नव्हती. उरलेल्या एका आण्यात दुकानदार बाटली देईना. दुपारपर्यंत ती माझ्याखाली बसून राहिली आणि मग रिकामा तांब्या घेऊन परत गेली.

महिनाभराने ती पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात राखेने घासलेली स्वच्छ बाटली होती. हौशीरामाने सवयीने हात पुढे केला, तेव्हा आपल्याला आत जायचे नाही म्हणाली. रस्त्याने शाळेचे दिगंबर मास्तर चालले होते. त्यांना थांबवून तिने मला वाचायला लावले. मास्तरांनी वाचून दाखवले.

“येवडंच लिवलंय? बाटलीचं कायबी न्हाई?”

“एवढंच आहे, बाई.”

“आसं व्हय. म्हैनाभर मला वाटत हुतं, माजंच आयकायचं चुकलं, आन् माज्यापायी माजा भिमा गेला.”

तिने बाटली उंबऱ्यावर ठेवली. कुणी तांब्या घेऊन आली तर तिला ही द्या, असे हौशीरामाला सांगून ती गेली. हौशीरामाने मान खाली घातली. माझ्या चारी कोपऱ्यांत खिळे होते, मला तेवढीही सोय नव्हती.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कुठेतरी पाटी लावाल. काय मिळेल ते लिहाल, तसे काय लागेल तेही लिहा. ज्यांना वाचता येत नाही, ती माणसे आमच्यावर फार विश्वास ठेवतात. आणि आम्ही फसवले, तरी चूक आपलीच झाली असे समजून घरी जातात.