रामाच्या पायांवरची काच

धावड्याचे रखमाजी पेंटर देवाचं चित्र काढायला बसले की अनवाणी बसत, उपाशी बसत आणि कुणाचंही ऐकत नसत. लोकांना जाचायची ती तिसरी गोष्ट. एका गावच्या सरपंचाने हट्टच धरला होता, "पेंटर, लक्ष्मणाला माझा चेहरा द्या." रखमाजींनी ब्रश खाली ठेवून शांतपणे विचारलं, "चौदा साल वनवासात राहून येता का? मंग काढतो बराबर." सरपंच त्यानंतर त्या देवळाकडे फारसे फिरकले नाहीत म्हणतात.

असा माणूस गेला, तेव्हा साऱ्या पंचक्रोशीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. भोकरदन तालुक्यात असं गाव शोधावं लागेल, जिथल्या देवळात रखमाजींचा एखादा देव नाही. पण त्यांचा जीव अडकला होता तो धावड्याच्या देवळातल्या रामात. राम, सीता, लक्ष्मण आणि पुढ्यात गुडघे टेकलेला मारुती. या भिंतीसमोर उभं राहिलं की भांडखोर माणसाचाही आवाज खाली यायचा. आणि यातले रामाचे पाय त्यांनी मुद्दाम खाली घेतले होते, पाठीत वाकलेल्या म्हातारीचाही हात पोचेल असे.

हात पोचायचाच. येणारा-जाणारा त्या पायांवर हात फिरवायचा आणि कपाळाला लावायचा. वर्षभरात रंग उडून पार चुना दिसायला लागे. रामनवमी जवळ आली की रखमाजी डबे-ब्रश घेऊन हजर. पाय जितके जास्त झिजलेले, तितके ते खूश. "औंदा पार पुसून टाकले की गावानं!" असं म्हणत नव्याने रंगवायला बसायचे. शेजारच्या एका गावात मात्र त्यांना वर्षाने पाय जसेच्या तसे, कोरे करकरीत दिसले होते. त्या दिवशी ते घरी येऊन जेवलेसुद्धा नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक प्रियदर्शनी जालन्याच्या शाळेत चित्रकला शिकवते. लहानपणापासून ती आबांना रंग कालवून द्यायची, पण देवाच्या चित्राला तिने कधी ब्रश लावला नाही. आबांनी अडवलं नव्हतं, तिलाच धीर झाला नव्हता. यंदाही आबांनी रामनवमीला पाय रंगवले, आणि आठवडाभरात झोपेतच गेले. ते पाय म्हणजे त्यांच्या हातचं शेवटचं काम.

म्हणून मंदिर समितीच्या आदिनाथरावांनी फोनवर, "ताई, चित्रावर काच बसवतो, पेंटरची आठवण कायम राहीन," असं म्हटलं, तेव्हा प्रियदर्शनीला रडूच कोसळलं. तिनेच सांगितलं, "काच चांगली जाड घ्या." गावाने हौसेने वर्गणी काढली. हसनाबादच्या जीशानने दोन भागांत काच बसवली, भोवती चकचकीत चौकट केली. आबांनी आयुष्यात कुठल्याच चित्रावर नाव टाकलं नव्हतं. ते आता चौकटीवर आलं.

समारंभाला ती आईला, उषाबाईंना, घेऊन पहिल्या रांगेत बसली. भाषणं झाली. आदिनाथराव मनापासून बोलले. पडदा सरकला आणि काचेमागे रामाचे पाय असे ताजे दिसले, की आबा आत्ताच ब्रश धुवायला उठून गेलेत असं वाटावं. आता याला कुणी हात लावणार नाही, या विचाराने प्रियदर्शनीचा जीव थंड झाला.

मग दर्शनाची रांग लागली. पुष्पाबाई पुढे आल्या. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, दिसत काहीच नाही, पण देवळाची वाट त्यांच्या पायांना पाठ होती. त्यांनी सवयीने हात पुढे केला. हात काचेवर घसरला. त्यांनी इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं.

"भित अशी गार का लागून राह्यली? पाय कुठं गेले रे रामाचे?"

"काचेच्या आत हायेत, आजी," आदिनाथराव म्हणाले. "आता लांबून हात जोडायचे."

"लांबून तर मी घरूनबी जोडिते," पुष्पाबाई म्हणाल्या. "मला दिसत न्हाई, बाबा. मला तेवढे पायच सापडायचे."

आणि म्हातारी तशीच माघारी वळली. मागच्या बायाही काचेला हात लावून, तो कपाळाला न लावताच पुढे सरकू लागल्या.

प्रियदर्शनीने आईकडे पाहिलं. उषाबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"आई, तू न्हाई जात?"

"काचेला काय हात लावू?" उषाबाई हळूच म्हणाल्या. "तुझे आबा असते तर आतापर्यंत उठून गेले असते बघ."

"पण आई, काच काढली तर वर्षभरात सगळं जाईन. आबाच्या हातचं शेवटचं हाये ते."

"मला ठाव न्हाई का?" उषाबाईंचे डोळे भरून आले. "मलाबी वाटतंच की राहावं म्हणून."

प्रियदर्शनीला आबांचा राग आला. एवढा देव काढायचा, आणि तो लोकांच्या हातांनी पुसायला ठेवायचा, हा कुठला शहाणपणा? तेवढ्यात पायरीवर चप्पल चाचपणाऱ्या पुष्पाबाई तिला दिसल्या. ती उठली.

"आदिनाथभाऊ, काच काढा."

सभेत गलका झाला. आदिनाथरावांचा चेहरा पडला. "ताई, पेंटरच्याच मानासाठी केलं ना गावानं!"

"गावाचे उपकार मी विसरणार न्हाई. पण काढा."

"आन् झिजले मंग? पुढच्या साली रंगवणार कोण?"

सगळं देऊळ प्रियदर्शनीकडे बघत होतं. "मी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

कुणी काही बोलायच्या आत जीशान पाना घेऊन पुढे झाला. "खालचीच काढतो, ताई. वरची राहू द्या. चाचाच्या देवाला धूर लागू नये."

खालची काच निघाली. पुष्पाबाईंना कुणीतरी हाताला धरून परत आणलं. त्यांची बोटं रामाच्या अंगठ्यावर टेकली, टाचेपर्यंत सावकाश फिरली आणि कपाळाला लागली. "हां," एवढंच त्या म्हणाल्या. मग रांगच रांग. एकेक हात फिरत होता. थांबा म्हणून ओरडावं असं प्रियदर्शनीला वाटलं.

शेवटी या दोघीच राहिल्या. उषाबाईंनी डोकं टेकलं, बराच वेळ टेकवून ठेवलं. मग प्रियदर्शनीने हात पुढे केला, अगदी अलगद, रंगाला धक्का लागू नये असा.

उषाबाईंनी वरून तिचा हात धरला आणि भिंतीवर घट्ट दाबला. "अशी भीत भीत काय लावती? नीट लाव."

आईच्या हाताखाली तिचा हात रामाच्या पायांवरून फिरला. आबांच्या ब्रशाचे फराटे तिला बोटांना लागले. तिने ते जोरात चोळले, जितके जमतील तितके, आणि मग तो हात कपाळाला लावून तिथेच खाली बसून ती पोटभर रडली.