पाहुण्यांची खुर्ची आणि मालकीणबाई

मी एक जुनी खुर्ची आहे. लाकडी, एका हाताची. दुसरा हात एका पिल्लाने दात शिवशिवत होते तेव्हा खाल्ला. त्याला मी माफ केलं आहे.

मित्रांनो, जन्माविषयी थोडक्यात. सुतार, रंधा, पॉलिश. मग एका वकिलाचं ऑफिस. तिथे येणारी माणसं काळजीत असायची, पण बसायची तरी. पुढे वकील गेले आणि मला भंगारात

(थांबा. माझ्यावर झोपलेली मांजर हलली. नाही, नुसती कूस बदलली.)

भंगारात देण्याआधी कोणीतरी या निवाऱ्यात आणलं. जखमी, टाकून दिलेली जनावरं इथे येतात. सांभाळणारे आपापली कामं करून येतात. पगार कुणालाच नाही. जनावर घरी न्यायला येणाऱ्यांना बसायला म्हणून मला पुढच्या खोलीत ठेवलं. कौतुकही झालं. मग माझ्यावर मालकीणबाई झोपल्या. म्हणजे ही मांजर. आणि इथला नियम असा, की झोपलेल्या जनावराला उठवायचं नाही.

तेव्हापासून पाहुणे उभे.

खोकल्या नावाचा म्हातारा कुत्रा होता. छातीत घरघर. पिंजऱ्यातली गार फरशी त्याला सोसत नव्हती. घर मिळालं नाही तर हा हिवाळा काही तो काढत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण लोक पिल्लंच मागायचे. आणि एक दिवस साठी उलटलेला एक न्हावी आला आणि म्हणाला, तो खोकणारा द्या.

निवृत्त नर्स असलेल्या ताई इथलं सगळं बघतात. त्यांनी प्रश्न सुरू केले. घर स्वतःचं का, दुकानात असाल तेव्हा कुत्रा कुठे, तुम्हाला काही झालं तर काय. प्रश्न चुकीचे नव्हते. पण न्हाव्याचे गुडघे दुखत होते. तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होता, भिंतीला हात टेकत होता. मी समोरच होते. शेवटी "येतो कधीतरी" म्हणून तो गेला.

ताई म्हणाल्या, "खरी माया असती तर थांबला असता."

नळदुरुस्ती करणारा दादा बादल्या धूत होता. "ताई, त्यांना बसा म्हणालात?"

"कुठे बसवणार? मालकीणबाई झोपल्यात."

"मग खोकल्याला घर कोण देणार ते मालकीणबाईंनाच विचारा."

ताईंनी वही उघडून न्हाव्याच्या दुकानाचा पत्ता शोधला.

(मांजर झोपलेलीच. तिला काय.)

दुसऱ्या दिवशी ताई खोकल्याला घेऊन न्हाव्याच्या दुकानात गेल्या. पुढचं त्यांनीच परत येऊन सांगितलं. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून न्हाव्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं. ताईंना पाणी दिलं, खोकल्याखाली टॉवेलची घडी घातली, आणि म्हणाला, "हं, आता विचारा."

ताईंनी सगळे प्रश्न विचारले, एकही सोडला नाही. शेवटचा, तुम्हाला काही झालं तर.

"तर तुम्ही आहात की," न्हावी म्हणाला.

ताई मोकळा पट्टा हातात घेऊन परतल्या.

मित्रांनो, जनावराला घर देतो तो माणूसच. तो दारात आला की आधी त्याला बसवा, मग हवं ते विचारा. आणि त्यासाठी मांजर उचलावी लागली तर उचला. ती ओरखडेल, रागावेल, थोड्या वेळाने विसरेल. उभा ठेवलेला माणूस विसरत नाही.