टेप निवडणारा माणूस

"हाही नको," विश्रामभाऊ म्हणाले आणि टेप काउंटरवर ठेवून दिला. "पट्टीत जीवच नाही. दुसरा दाखवा, वहिनी."

काउंटरवर टेपांचा नुसता बाजार मांडलेला. पिवळे, काळे, रबर चढवलेले, तीन मीटरचे, पाच मीटरचे. दुकानातला एकूण एक खोका मी खाली काढला होता, आणि ऐन गिऱ्हाइकांच्या वेळेला हा माणूस एकेक टेप उघडत होता, ताणत होता आणि नापास करत होता.

"अहो भाऊ, टेप बघताय की सून?" मी म्हटलं. "एवढ्या वेळात लग्न ठरून साखरपुडा झाला असता."

एरवी त्यांनी हसून काहीतरी परत केलं असतं. आज हसले नाहीत. त्यांनी पुढचा खोका स्वतःकडे ओढला.

टिटवाळ्यात हार्डवेअरचं दुकान चालवणारी बाई मी सोडून दुसरी कुणी मला तरी माहीत नाही. आमचे हे गेले तेव्हा दीर म्हणाले, "कलावती, दुकान भाड्याने देऊन टाक, हे बाईचं काम नव्हे." मी म्हटलं, खिळे काय पुरुषाचं तोंड बघून विकले जातात? अजूनही नवा माणूस आला की विचारतो, "सेठ कुठे गेले?" मी सांगते, "सेठ समोर उभे आहेत, बोला." तेव्हा माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्यांना माहीत आहे. विश्रामभाऊंना तर फारच, कारण ते ह्यांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक.

विश्रामभाऊ सुतार. मूळचे लांज्याकडचे, राहायला मोहन्याला. शीळफाट्याजवळ सूरज नावाच्या कॉन्ट्रॅक्टरचा फर्निचरचा कारखाना आहे, तिथे ते माप घेणारे. हे काम कुणाही सोम्यागोम्याला देत नाहीत. ठाण्यात किंवा डोंबिवलीत ज्याचं घर असेल तिथे जायचं, भिंत न् भिंत मोजायची, आणि त्या मापावर कारखान्यात बाकीचे लोक प्लाय कापणार. माप चुकलं की अख्खं कपाट फुकट. म्हणून त्या माणसाचा मान वेगळा. मोहन्यात काय टेप मिळत नाहीत? पण ते वाट वाकडी करून माझ्याकडे यायचे, कारण मी त्यांना हवे तेवढे खोके उघडू द्यायचे.

त्यांची टेप निवडायची एक तऱ्हा होती. कारखान्यात आणि साइटवर ते एकच टेप वापरत. "दोन टेप ठेवणारा सुतार आणि दोन घरं करणारा माणूस, दोघांचंही कधी जुळत नाही," असं म्हणायचे आणि स्वतःच खदाखदा हसायचे. आधी टोकाचं हुक तपासायचं. मग पट्टी बाहेर काढायची, कशाचा आधार न देता, हवेत आडवी धरून. साधा टेप चार फुटांवर मान टाकतो. चांगला असेल तर सात फूट ताठ राहतो. साइटवर माणूस एकटा असला तर इथे उभं राहून पलीकडची भिंत गाठायची असते, तिथे वाकणारी पट्टी काय कामाची? मनासारखा टेप मिळाला की त्यांचा चेहरा असा काही फुलायचा, की मला ह्यांची आठवण यायची. नवी कुलपं आली की हे असेच खूश व्हायचे.

आज मात्र आल्या आल्या, टेप दाखवा म्हणायच्याही आधी, त्यांनी सांगून टाकलं होतं. ठाण्यात एका घरात कपाट बसलं नाही, अर्ध्या इंचाने राहिलं. त्याच्या आधी डोंबिवलीत किचनच्या ट्रॉल्या अडकल्या. सूरज काही रागावला नाही. म्हणाला, "काका, तुमचा टेप गेलाय, नवीन घ्या. उद्या ठाण्यात मोठं काम आहे, मी पण येतो सोबत."

"सोबत येतो म्हणजे काय ते कळतं मला," विश्रामभाऊ म्हणाले होते. "बघायला येतोय तो. उद्या चुकलं ना वहिनी, तर घरीच बसवणार मला. म्हणून टेप असा पाहिजे की बोलायला जागा नको."

तर असा हा टेपांचा बाजार चालला होता. मागे गोविंदा प्लंबर ताटकळत उभा. त्याला पाइपाचा एक एल्बो पाहिजे होता, आणि माझे दोन्ही हात खोक्यांत अडकलेले.

"काका, एवढे टेप वाईट कसे असतील?" गोविंदा म्हणाला. "नाचता येईना अंगण वाकडं झालंय तुमचं."

तो गमतीत म्हणाला. मीही हसले. विश्रामभाऊंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी रुंद पट्टीचा टेप घेतला, माझ्याकडचा सगळ्यात चांगला, आणि पट्टी बाहेर काढायला लागले. तीन फूट, चार फूट, पाच फूट. पट्टी वाकली नाही. पण तिचं टोक थरथरत होतं.

"पंख्याचा वारा लागतोय," विश्रामभाऊ म्हणाले. "बंद करा जरा."

मी पंखा बंद केला. पाती हळूहळू थांबली. आता दुकानात वाऱ्याची झुळूक म्हणून नव्हती. गोविंदाच्या कपाळावर लगेच घाम आला. आणि पट्टीचं टोक तसंच थरथरत होतं, वर खाली, वर खाली. मी टोकापासून नजर मागे आणत आणत त्यांच्या मुठीपर्यंत गेले. मूठ कापत होती. एवढीशीच, लक्षात येणार नाही इतकी. पण पाच फूट पुढे गेल्यावर ते एवढंसं चांगलं बोटभर दिसत होतं.

गोविंदालाही दिसलं. तो वळून रंगाचे डबे बघायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच रंगाचे डबे बघत असल्यासारखा.

"हाही लूज आहे," विश्रामभाऊ म्हणाले.

   गप्प बसणं काही माझ्याच्याने झालं नाही. काहीतरी चांगलं करावं म्हणून मी कपाटातून लेझरचं मशीन काढलं. हल्ली इंटिरियरवाले घेऊन जातात, बटण दाबलं की समोरच्या भिंतीपर्यंतचं माप आकड्यात येतं.

"हे बघा भाऊ," मी म्हटलं, "पट्टीची भानगडच नाही. नुसतं बटण दाबायचं."

मला वाटलं, एवढं सोपं आहे, याने सुटेल. त्यांनी मशीन हातात घेतलं, टेप धरतात तसंच पुढे धरलं आणि बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला. आणि तो ठिपका नाचायला लागला. भिंतीवरून डब्यांवर, डब्यांवरून गोविंदाच्या पाठीवर, पुन्हा भिंतीवर. पाच फुटांवर बोटभर होतं ते तिकडे हातभर झालं. मशीन कशाला तरी टेकवून धरायचं असतं, हे मला ठाऊक होतं, पण तेव्हा ते सांगायचं राहूनच गेलं. आम्ही तिघेही तो ठिपका बघत राहिलो.

मग विश्रामभाऊंनी बटण सोडलं. मशीन खोक्यात ठेवलं. नीट, होतं तसं, वायर आणि कागदासकट.

"मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. "मशीनमध्ये काही दोष नाही."

सकाळपासून त्यांनी चांगली म्हटलेली ती पहिली वस्तू. मी स्टूल पुढे सरकवलं, ते बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून असेल. डॉक्टरकडे जाऊन आलेलो. गोळ्या दिल्यात. म्हणतो, वाढू नये म्हणून आहेत, जाण्यासाठी नाहीत."

"घरी माहितेय?"

"मी कुठे सांगितलंय." त्यांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. "पण बायको हल्ली चहा अर्धाच कप देते. मग पुन्हा अर्धा देते. बोलत नाही काही."

माझे डोळे भरून आले. मी उगाच खोके लावायला घेतले.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि काउंटरवर ठेवून, स्पीकर लावून सूरजला फोन केला. फोन हातात धरला नाही, हे मी बघितलं.

"सूरज, टेपच्या दुकानात आहे रे मी. ऐक, टेपात दोष नव्हता. हात कापतो माझा. उद्या दुसऱ्या कोणाला तरी ने."

 मग सूरज म्हणाला, "काका, बरं झालं तुम्हीच बोललात. कसम से, मला टेन्शन आलेलं कसं सांगू म्हणून. मी सिद्धेशला बोलून ठेवलंय उद्याचं."

"बोलून ठेवलंयस?"

"हां म्हणजे, बॅकअपला."

"बरं केलंस." विश्रामभाऊ म्हणाले. "मग मी कारखान्यात येतो. पॉलिशपेपर मारीन. घासायला काय, हात हललेलाच बरा."

ते हसले. पलीकडे सूरज हसला नाही. "बघतो काका," म्हणाला.

'बघतो' म्हणजे काय, ते दुकानात बसणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. दारातून 'बघतो' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक मी आजवर परत आलेलं बघितलं नाही. विश्रामभाऊंनाही ते कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं मला.

"आणि काका," सूरजचा आवाज आता मोकळा झाला होता, "दुकानात आहातच तर सिद्धेशसाठी एक टेप घ्या ना. त्याच्याकडचा भंगार आहे. तुमच्यासारखा टेप कोणाला नाय निवडता येत."

माझं डोकंच फिरलं. वाटलं, तो फोन उचलावा आणि या सूरजला असा सोलून काढावा की पुन्हा कुणाला काका म्हणायची हिंमत होऊ नये. तोंड उघडलंसुद्धा होतं. विश्रामभाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"घेतो," ते फोनला म्हणाले आणि फोन बंद केला.

"कशाला घेताय?" मी म्हटलं. "ज्याचा त्याने घ्यावा. जखमेवर मीठ चोळतोय मेला!"

"तसं नाही वहिनी. उद्याचं काम मोठं आहे. टेप वाईट असला तर माप चुकेल."

"चुकू दे! तुम्हाला काय त्याचं?"

"असं कसं? सिद्धेश माझ्याच हाताखाली शिकलाय. हात चांगला आहे त्याचा."

मग त्यांनी तोच सगळा ढीग पुन्हा समोर ओढला. पण आता त्यांची गडबड नव्हती. टेप काउंटरवर टेकवून, दोन्ही हातांनी धरून, एकेक हुक काउंटरच्या कडेला अडकवून बघत गेले. मघाशी नापास केलेल्यांतलेच तीन बाजूला काढले. त्यातला एक आकडे बारीक आहेत म्हणून परत ठेवला. एक हलका वाटला. शेवटी रुंद पट्टीचाच उरला.

त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"जरा धरता का? ताठ किती राहते ते बघायचंय."

मी टेप घेतला आणि पट्टी बाहेर काढत गेले. गोविंदा गुपचूप बाजूला सरकला. पाच फूट, सहा फूट, सात फूट. पट्टी दुकानाच्या मधोमध आडवी ताठ राहिली, टोक जागचं हललं नाही. या हाताने आयुष्यात एक खिळा कधी सरळ ठोकलेला नाही, आणि हा हात दगडासारखा स्थिर! मला त्याची लाज वाटली. थोडा तरी कापावा असं फार वाटलं. मुद्दाम हलवावा असंही मनात आलं, पण त्यांनी ते लगेच ओळखलं असतं.

विश्रामभाऊ स्टुलावरून वाकून त्या टोकाकडे बघत होते. किती तरी वेळ बघत होते. माझा खांदा भरून आला, तरी मी हात खाली घेतला नाही.

"हा चांगला आहे," ते म्हणाले. "हाच द्या. आणि वहिनी, पट्टी झटक्याने सोडू नका. हुक खराब होतं."

मी पट्टी हळूहळू आत घेतली.