पत्र्याचं झाकण

"काळुराम, हे काय? खोकल्याचं औषध आणलंस की काय?" बाटलीवरचं फिरकीचं झाकण बघून सुशील साहेब खो खो हसले.

काळुरामही ओढूनताणून हसला. धरमतरच्या खाडीवरच्या या हॉटेलात वाइन उघडावी ती त्यानेच. तो बूच ओढायला लागला की गिऱ्हाइकं बोलणं थांबवून बघत बसायची. प्यायची वाइन, मग बुचाचं मेलं एवढं कौतुक कशाला, हे कोडं त्याला कधी सुटलं नव्हतं. पण होळीनंतर उजव्या हातावरून वारं गेलं नि पकडच गेली. घरी बायको नूतनखेरीज कुणाला पत्ता नव्हता. हॉटेलमालक साईराज शेठला गळ घालून या झाकणाच्या बाटल्या त्यानेच मागवल्या होत्या. त्या खपल्या नाहीत तर पुन्हा बुचं येणार, हात उघडा पडणार, आणि नोकरी जाणार.

"वाइन तीच हाय, साहेब. नुसतं झाकन बदललंय."

"अरे, लग्नाचा वाढदिवस आमचा! रोह्याहून दरवर्षी तुझं बूच ओढणं बघायला येतो. जुनी असेल की एखादी."

एक होती. आता नाही कसं म्हणायचं? काळुरामने ती आणली, बुचात स्क्रू कसाबसा डाव्या हाताने फिरवला आणि उजव्याने ओढू लागला. बोटं घसरली. पुन्हा ओढलं, पण बूच जागचं हललं नाही.

साहेबांच्या बायकोने, नमिताबाईंनी, हळूच बाटली काढून घेतली. "राहू दे. मला ती झाकणाचीच हवीय. काय हो, दरवर्षी ते बूच हुंगता, त्यातून कळतं तरी काय?"

साहेब ओशाळले. "खरं सांगू? काही नाही. आमचे मोठे साहेब हुंगायचे, म्हणून मीपण."

"कायच नाय?" काळुरामच्या तोंडून निघून गेलं. "इतकी वर्सं?"

तिघंही हसले. काळुरामने झाकण डाव्या हाताने फिरवलं. बारीकसा कर्र आवाज झाला. सवयीने, दरवर्षी बूच हुंगायला द्यायचा तसं, त्याने ते बशीत ठेवून साहेबांपुढे सरकवलं, आणि आपण काय केलं हे कळून तो शरमला.

साहेबांनी त्याच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. मग झाकण उचललं, नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"छान आहे," ते म्हणाले आणि गल्ल्याकडे वळून ओरडले, "साईराज, पुढच्या वर्षीही हीच ठेव रे!"

काळुरामने उजवा हात पाठीमागे नेला, मोठ्या हॉटेलातले वेटर नेतात तसा, आणि डाव्या हाताने वाइन ओतली.